जवसाचं तेल आणि किडनी

नमस्कार श्रोतेहो.

खारपाणपट्ट्यातल्या एका गावाहून परवा एक काकू दवाखान्यात आल्या. किडनीचा जुना आजार, अंगात रक्त कमी, चार पावलं चाललं की धाप. लोहाच्या गोळ्या दिलेल्या, त्या पंधरा दिवसांपासून बंद. "पुतण्यानं मोबाईलवर वाचलं, म्हने लोहानं किडनी मरते."

पुतण्या खोटं बोलला नाही, त्याच्या हाती अर्धीच गोष्ट आली होती.

आपल्याकडचं जवसाचं तेल बघा. उन्हात उघडं राहिलं की खवट होतं, गंजक्या डब्यात आणखी लवकर. आपल्या पेशीचं आवरणही अशाच नाजूक स्निग्ध पदार्थांचं असतं. पेशीत मोकळं लोह वाढलं की ते आवरण खवटत जातं, शेवटी फाटतं, आणि पेशी मरते. २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या मरणाला 'फेरॉप्टोसिस' नाव दिलं.

हा खवटपणा निस्तरायला शरीरात जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम असतं. उंदरांमधून ते काढून टाकलं, तर त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. किडनीवरच घाव का? दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यातला जवळजवळ सगळा नलिकांच्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. राबणूक अखंड, ऑक्सिजनचा खप मोठा. अशी पेशी फुटली की आतला माल सांडतो, सूज येते, आणि सूज रेंगाळली की मऊ मांसाच्या जागी कडक चट्टा धरतो. चट्टा काही गाळत नाही. हे मरण रोखलं की प्राण्यांमध्ये चट्टे कमी पडतात. त्यासाठीचं औषध माणसांच्या हाती अजून आलेलं नाही.

मग गोळीचं काय? पेशीत मोकाट फिरणारं लोह वेगळं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं वेगळं. किडनीच्या आजारात लोहाला कुलूप लावणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोह साठ्यातच अडकतं. रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिनही कमी पडतं. म्हणून आम्ही फेरिटिन (साठ्यात लोह किती) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहतंय किती) तपासूनच लोह देतो. कमी असेल तर द्यावंच लागतं, भरपूर असेल तर थांबवतो. हे ठरवायला रक्ताचा रिपोर्ट लागतो, मोबाईल पुरत नाही.

काकूंचं फेरिटिन कमीच निघालं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण त्यांच्या पिशवीत आणखी एक पाकीट होतं: सोयाबीन सोंगताना कंबर धरते म्हणून रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. किडनीला खरा धोका त्यांचा होता. ते पाकीट मी ठेवून घेतलं.