दुसऱ्या ग्रहावरची हवा मोजायची कशी?

चंद्राच्या कडेआड तारा गेला, की तो फटकन विझतो. प्लूटोच्या बाबतीत ९ जून १९८८ रोजी तसं झालं नाही. तारा हळूहळू मंदावत गेला, कारण प्लूटोभोवतीच्या हवेने त्याचा प्रकाश वाकवून पसरवला. तिथला दाब आपल्या हवेच्या साधारण लाखाव्या हिश्शाइतका, तरी पिधानाच्या (तारा असा झाकला जाण्याच्या) आलेखातला तो उतार लपला नाही.

ताऱ्याऐवजी यानाचा रेडिओ वापरला, तर आकडे अधिक नेमके मिळतात. यान ग्रहाआड जाताना त्याची रेडिओलहर हवेच्या थरांतून वाकत येते आणि तिची वारंवारता किंचित सरकते. यानाच्या गतीचा परिणाम आधी वजा करायचा. जे उरेल त्यातून वाकण्याचा कोन, कोनावरून घनता, आणि घनतेवरून प्रत्येक उंचीचा दाब व तापमान. आयनांबरातले, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉनही लहर वाकवतात, पण कमी वारंवारतेला जास्त. म्हणून दोन लहरी एकदम पाठवल्या की इलेक्ट्रॉनांचा वाटा वेगळा काढता येतो. वायू कोणते, हे दुरून मात्र प्रकाशाचा वर्णपटच सांगतो. १९४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनी शनीच्या टायटन या चंद्रावरचा मिथेन वर्णपटातल्या काळ्या पट्ट्यांवरूनच ओळखला.

१९६५ साली अमेरिकेचं मरिनर ४ हे यान मंगळाआड गेलं आणि तिथला दाब पृथ्वीच्या एका टक्क्याहूनही कमी निघाला. आधीचे काही अंदाज याच्या दहापटीहून मोठे होते! नुसत्या पॅराशूटवर तिथे उतरता येणार नाही, हे तेव्हाच कळून चुकलं.

शुक्रावर ही पद्धत अर्ध्यात अडते. साधारण ३५ किलोमीटरच्या खाली हवा इतकी दाट, की आत वळलेली लहर बाहेर येतच नाही. मग उपकरणांची कुपीच आत सोडावी लागते. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनस या अमेरिकी मोहिमेची मोठी कुपी ढगांतून उतरत असताना, ५० किलोमीटरच्या सुमारास, तिच्या मास स्पेक्ट्रोमीटरचं (कणांच्या वस्तुमानावरून वायू ओळखणाऱ्या उपकरणाचं) हवा घेणारं बारीक तोंड सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबाने बुजलं. पुढचे जवळजवळ २० किलोमीटर बाहेरची हवा आत जाईना. उपकरण त्या थेंबाची वाफच मोजत बसलं.

वाया गेलेली वाटणारी ही मोजणीच पुढे कामाला आली. थेंबातल्या पाण्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पृथ्वीच्या मानाने सुमारे शंभरपट सापडला. हलका हायड्रोजन अवकाशात सहज निसटतो, जड मागे राहतो. म्हणजे आज कोरड्या असलेल्या शुक्रावर पूर्वी कितीतरी जास्त पाणी असणार.