शाळेच्या छपरावरची वीज सांभाळणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

राज्याच्या अर्थसंकल्पात शाळा एका पानावर, ऊर्जा दुसऱ्या आणि रोजगार तिसऱ्या. गावात ही तिन्ही पानं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या एकाच छपरावर येऊन पडतात. सौर पॅनेल बसतात, फीत कापली जाते आणि काही वर्षांत पॅनेलची वीज दिव्या-पंख्यांना चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो. बिघाड पुष्कळदा किरकोळच असतो, पण तो ओळखणारा माणूस गावात नसतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी माणूस, मग पॅनेल.

हे फार पूर्वी एका शाळेनं करून दाखवलं. डेन्मार्कमध्ये आस्कोव नावाचं खेडं आहे. तिथे गावाकडच्या तरुणांसाठी लोकशाळा होती. परीक्षा नाही, पदवी नाही. पॉल ला कूर तिथे विज्ञान शिकवायचे. 1891 मध्ये सरकारी अनुदान मिळवून त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारली, दळणासाठी नव्हे, विजेसाठी. पहिली अडचण वाऱ्याची. तो झोताझोतानं येतो. डायनामो कधी धावतो, कधी रेंगाळतो. ला कूरनी कप्पी आणि वजनांची जोडणी करून डायनामोचा वेग सारखा राखला. दुसरी अडचण साठवणीची. वारा पडला की काय? त्यांनी त्या विजेनं पाणी फोडलं, म्हणजे त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले, निघालेला हायड्रोजन टाकीत भरला आणि नळीनं शाळेत नेऊन दिव्यांत जाळला. 1895 ते 1902 शाळेत वाऱ्यापासून बनलेल्या गॅसचे दिवे जळत होते!

आता हायड्रोजनमध्ये जरासा ऑक्सिजन शिरला की स्फोट. तसे झालेही, आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांना नव्या काचा बसवाव्या लागल्या. आपल्याकडे पहिली काच फुटताच चौकशी समिती नेमली असती आणि पवनचक्कीला कुलूप लागलं असतं. माझ्या मते शाळेच्या प्रयोगशाळेच्या अनुदानात ‘फुटतूट’ नावाची एक ओळ असायलाच हवी. मोडायची भीती असली की मुलं यंत्राला हात लावत नाहीत, आणि गुरुजी कपाटाची किल्ली देत नाहीत. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. ला कूर यंत्रावर थांबले नाहीत. 1904 पासून त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी विजेच्या कामाचे वर्ग चालवले. गावागावात छोटी वीजकेंद्रं निघत होती. ती चालवायला गावचेच वीजतंत्री हवे होते. त्या वर्गात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता, योहानेस यूल. पुढे आयुष्यभर वीज कंपनीत काम करून उतारवयात त्यानं 1957 मध्ये गेसेर इथे 200 किलोवॉटची, तीन पात्यांची पवनचक्की सुरू केली. वेग हाताबाहेर गेला तर पात्यांची टोकं वळून ब्रेक लागेल अशी सोय त्यात होती. फारशी देखभाल न करता ती सुमारे दहा वर्षं चालली. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या नासालाही तिची मोजमापं हवी झाली, तेव्हा ती दुरुस्त करून पुन्हा फिरवली. डेन्मार्कचा पवनचक्की उद्योग त्याच घडणीवर उभा राहिला, आणि त्यात शेतीची अवजारं बनवणारे कारखानेही उतरले. शाळेतल्या एका वर्गातून रोजगार असा आला.

आता आपल्या छपराकडे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, शाळेला ते मिळत नाही. शाळेसाठी पैसा दुसऱ्या मार्गानं उभा करावा लागतो. 3 किलोवॉटला साधारण 300 चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी 12 युनिटच्या आसपास वीज मिळते. मीटरचा आकडा मुलांनी रोज वहीत लिहावा. 12 चे 8 झाले की धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा वाढलेली फांदी शोधावी. एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच्या रांगेतल्या बाकीच्यांचीही वीज खाते.

पॅनेल सकाळी, काच थंड असताना धुवावेत. बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर पांढरा थर बसतो. वायरला मात्र मुलांनी हात लावायचा नाही. सहा-आठ पॅनेल एकामागे एक जोडले की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात, आणि ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी ती वायर जिवंतच असते. पुन्हा सांगतो, मेन स्विच बंद केला तरी ती जिवंतच.

‘पॅनेल असून लाइट गेली कशी?’ ही नेहमीची तक्रार. नेट मीटर म्हणजे बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्याच्यावरचा साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो. नाही तर पॅनेलची वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी हवी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिला वाली हवा. पाणी न घालता, अर्धवट चार्ज सोडलेली लेड-ॲसिड बॅटरी जूनमध्ये उठतच नाही. नेट मीटर असेल तर मेमधले न वापरलेले युनिट पावसाळ्याच्या बिलात वजा होतात, हा त्याचा मोठा फायदा.

माणूस कुठून आणायचा? डॉ. कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमानं शाळेतल्या मुलांना ऊर्जेपासून शेतीपर्यंतची कामं प्रत्यक्ष हातानं करायला शिकवण्याचा पाठ आधीच घालून दिला आहे. आयटीआय झालेल्यांसाठी सूर्यमित्र हे सौर पॅनेल बसवायचं आणि सांभाळायचं सरकारी प्रशिक्षण आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं पॅनेल बसवणाऱ्याच्या करारात दोन अटी घालून घ्याव्यात: पाच वर्षांची देखभाल, आणि त्या देखभालीसाठी पंचक्रोशीतलाच प्रशिक्षित तरुण, पगारावर. त्याचा फोन नंबर इन्व्हर्टरशेजारी रंगानं लिहून ठेवावा. कागद चिकटवला तर पहिल्याच पावसाळ्यात जातो.