पापडखार, तर्री आणि अंड्याचं रामेन

नमस्कार मंडळी. आज तीन माणसांपुरतं अंड्याचं रामेन करायचं आहे. सामान सगळं आपल्या जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानात आणि आठवडे बाजारात मिळणारं.

रामेन म्हणजे जपानी पद्धतीच्या रस्सेदार नूडल्स. त्याच्या वाडग्यात पाच गोष्टी येतात. नूडल्स, रस्सा, खारट-मुरलेला अर्क ज्याला जपानी लोक 'तारे' म्हणतात, वासाचं तेल, आणि वर ठेवायचं अंडं-पातबित. घरी फसतं ते एकाच कारणाने. जपानी नावाचा जिन्नस मिळाला नाही की त्या जागी हाती लागेल ते पडतं. व्हिनेगर, शेजवान चटणी, टोमॅटो सॉस, सगळं एकाच वेळी. मग तयार होतं ते आंबटगोड सूप. तो जिन्नस वाडग्यात कोणतं काम करत होता हे आधी विचारा. त्या कामाला लागणारी वस्तू आपल्या फडताळात बहुतेक वेळा असतेच.

नूडल्सपासून सुरू करू. रामेनच्या नूडल्सना चिवट चावा आणि पिवळसर रंग येतो तो क्षारामुळे. तिकडे 'कान्सुई' नावाचं क्षारपाणी वापरतात, त्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. क्षारामुळे पिठातलं ग्लूटेन, म्हणजे त्याला चिवटपणा देणारं प्रथिन, घट्ट होतं आणि पिठातले मुळात रंगहीन घटक पिवळे पडतात. उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतो, म्हणजे क्षाराशी आपली ओळख जुनीच. पण पापडखाराचा जोर पुडीगणिक कमीजास्त असतो, म्हणून नूडल्ससाठी खायचा सोडा भाजून वापरलेला बरा. ५० ग्रॅम सोडा स्टीलच्या थाळीत पसरून ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांवर तासभर ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत हलवत, अर्धा-पाऊण तास भाजा. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, क्षार त्याला खातो. सोड्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला की उरतं ते सोडियम कार्बोनेट. झालं की नाही ते वजनावर कळतं: ५० ग्रॅमचे साधारण ३२ ग्रॅम उरले पाहिजेत. ३८-४० भरले तर अजून भाजा. ही पूड ओल्या हाताने धरू नका, त्वचा चुरचुरते. घट्ट झाकणाच्या बरणीत ती महिनोन् महिने टिकते.

आता पीठ. ३०० ग्रॅम मैदा, ३ ग्रॅम ही पूड, ३ ग्रॅम मीठ, १ अंडं आणि ८० मिली पाणी. मांड्यांसाठी काढलेलं सपीठ घरात असेल तर मैद्याऐवजी तेच घ्या. मांडा हातावर इतका ताणला जातो तो त्या पिठाच्या ताकदीमुळेच, आणि इथेही तीच ताकद हवी. क्षार पाण्यात पूर्ण विरघळवा, मग त्यात मीठ, मग फेटलेलं अंडं. हे थोडंथोडं पिठावर शिंपडत बोटांनी चोळा. गोळा होणार नाही, ओलसर भुगा होईल. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि पाण्याचा हात लागतो. तो लावू नका. पीठ सैल झालं की नूडल्स शिजताना पिठूळ होतात आणि एकमेकींना चिकटतात. भुगा ओल्या फडक्याखाली ४५ मिनिटं झाकून ठेवला की पाणी आपोआप आत मुरतं.

मग उडदाच्या पापडाचं पीठ कुटतो तसंच हेही कुटायचं. प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून मुसळीने किंवा वरवंट्याने दाबा, घडी घाला, पुन्हा दाबा, असं ८-१० वेळा. परत अर्धा तास विश्रांती. नंतर दीड मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, कॉर्नफ्लोअर भुरभुरून घडी घाला आणि धारदार सुरीने २ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. भुरभुरायला मैदा वापरला तर तो चिकटतो आणि उकळत्या पाण्यात त्याची खळ होते. शेवयांच्या यंत्रातून काढायच्या असतील तर आधी लिंबाएवढा गोळा घालून बघा. हे पीठ फार घट्ट असतं, हाताच्या यंत्रावर जोर केला तर दांडा वाकतो. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कापलेल्या नूडल्स उघड्या ठेवू नका. वाळवणासाठी ती हवा सोन्यासारखी, पण नूडल्सना दहा मिनिटांत तडे जातात.

नूडल्सना साबणासारखा वास आला तर क्षार जास्त झाला, पुढच्या वेळी २ ग्रॅमवर या. रंग पांढराच राहिला तर सोडा नीट भाजला गेला नव्हता.

अंड्याचं गणित मिनिटांचं आहे. पाणी आधी खळखळ उकळवा, फ्रिजमधली अंडी डावाने अलगद सोडा आणि साडेसहा मिनिटं मोजा. पहिली दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवत राहिलात तर पिवळा बलक मधोमध राहतो. वेळ झाली की लगेच थंडगार पाण्यात, शक्य असेल तर बर्फाच्या. नुसतं बाहेर काढून ठेवलं तर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतं. जास्त शिजल्यावर बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसते. ती बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्यामुळे. अगदी ताज्या अंड्याचं कवच नीट निघत नाही, आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेलं सहज सुटतं. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर मऊ बलकाचा हट्ट नको, ११ मिनिटं उकळा.

सोललेली अंडी मुरवायला सोया सॉस ६० मिली, पाणी १२० मिली आणि गूळ १५ ग्रॅम. जपानात इथे मिरिन ही गोड तांदळाची दारू असते. तिचं काम गोडवा आणि चकाकी आणण्याचं, ते गूळ चोख करतो. मिश्रण उकळून पूर्ण गार करा, मग अंडी घाला. गरम असताना घातली तर बलक घट्ट होतो. वर स्वच्छ फडक्याचा तुकडा ठेवा म्हणजे तरंगणारी बाजूही भिजेल. फ्रिजमध्ये ६ ते १२ तास पुरेत. दोन दिवस ठेवली की पांढरं रबरासारखं होतं. आपल्या उन्हाळ्यात ही अंडी ओट्यावर ठेवायची नाहीत, तासभरसुद्धा नाही.

आता तारे. सोया सॉस ६० मिली, मीठ ६ ग्रॅम, गूळ १० ग्रॅम, पाणी ३० मिली आणि दोन टोमॅटो आटवून केलेला एक मोठा चमचा गर. पाच मिनिटं मंद उकळलं की साधारण ९० मिली उरतं, प्रत्येक वाडग्याला ३० मिली. टोमॅटोच्या बिया काढू नका. बियांभोवतीच्या गुळगुळीत भागात ग्लुटामेट गरापेक्षा जास्त असतं, आणि चव भरते ती त्यानेच. हे ग्लुटामेट १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळं काढलं, आणि अजिनोमोटो ही त्याचीच पूड. घालायचं असेल तर चिमूटभर. दुकानागणिक सोया सॉसचा खारटपणा वेगळा असतो, म्हणून एक चमचा तारे बारा चमचे गरम रश्शात मिसळून चाखा आणि मगच मीठ ठरवा.

रश्शाला सुके बोंबील घ्या. जपानी रश्शात सुकवलेला, धुरावलेला मासा असतो. त्यातल्या इनोसिनेट नावाच्या चवीच्या घटकामुळे ग्लुटामेटची चव कितीतरी पटीने वाढते, आणि ते इनोसिनेट सुक्या मासळीत असतं. २५ ग्रॅम बोंबील डोकी काढून कोरडेच मंद भाजा. डोकी राहिली तर रस्सा कडवट होतो. सव्वा लिटर पाणी, एक कांदा, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. उकळी आली की आच कमी करून २० मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि गाळा. धुराच्या वासासाठी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजलेल्या भरताच्या वांग्याचा दोन चमचे गर शेवटची पाच मिनिटं त्यात टाका. हिवाळ्यात हा प्रयोग जरूर करून बघा, फार सुरेख लागतो.

मासळी न खाणाऱ्यांसाठी तूरडाळीचा पातळ कट पाव लिटर आणि पाऊण लिटर भाजी-टोमॅटोचं पाणी. रश्शाला दाटपणा येतो, मात्र चव बोंबलाच्या पातळीला जात नाही.

तेल हा आपला हातखंडा. जपानातल्या कुमामोतोच्या रामेनवर काळं तेल घालतात, करपवलेल्या लसणाचं, त्याला 'मायू' म्हणतात. आपण काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं थेट जाळावर काळं करतो, तीच ही जातकुळी. शेंगदाणा तेल ६० मिली गार असतानाच त्यात बारा पाकळ्यांचा चिरलेला लसूण घाला. सोनेरी झाला की दोन तृतीयांश बाजूला काढा, उरलेला एक तृतीयांश पूर्ण काळा होऊ द्या. सगळाच काळा केला तर कडूजहर होतं. हा दोन्ही रंगांचा लसूण, जाळलेलं खोबरं १० ग्रॅम आणि भाजलेले तीळ एक चमचा गुळगुळीत वाटून त्याच तेलात मिसळा. लाल तर्री हवी असेल तर गॅस बंद करून दोन मिनिटांनी तिखट घाला. चिमूटभर टाकल्यावर हलकी फसफस व्हायला हवी, धूर आला तर तिखट जळलं. आपल्या घाण्याचं तिळाचं तेल इथे चालणार नाही, कारण ते कच्च्या तिळाचं. रामेनला लागतो तो भाजलेल्या तिळाचा वास.

डुबुक वड्या आपण रश्शातच शिजवतो, म्हणून नूडल्सही रश्शात टाकायचा मोह होतो. तसं केलं तर क्षार आणि पीठ दोन्ही उतरून रस्सा गढूळ, गिळगिळीत होतो. वेगळ्या मोठ्या पातेल्यात, तीन लिटर उकळत्या पाण्यात, मीठ न घालता दीड ते दोन मिनिटं शिजवा. वाडगे आधी गरम पाण्याने तापवून घ्या. तळाशी तारे आणि एक चमचा तेल, त्यावर ३५० मिली उकळता रस्सा, मग जोरात झटकून निथळलेल्या नूडल्स. पाणी राहिलं तर मोजून केलेला खारटपणा बिघडतो. वर कांद्याची पात आणि दोऱ्याने कापलेलं अंडं. सुरीला बलक चिकटतो, दोऱ्याला नाही. वाडगा समोर आला की लगेच जेवायला बसा, पाच-सात मिनिटांत नूडल्स फुगून मऊ पडतात.