एक वाडी, तीन वह्या

नमस्कार. आज तुमच्यात डॉक्टर आहेत, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आहेत, शेतीचे आणि प्राणिशास्त्राचेही आहेत. सिंधुदुर्गात असा वर्ग एका खोलीत फारसा जमत नाही, म्हणून आज मला विशेष आनंद आहे.

काही वर्षांपूर्वी दोडामार्गाच्या बाजूला एका वाडीत आम्ही रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. खळ्यात एक आजी काजूच्या बिया वाळत घालत होत्या. त्यांनी हात पुढे केला, सुई टोचून घेतली, आणि मग शांतपणे विचारलं, "बाय, रगात कितींदा न्हेलात, कागद एकदा तरी इलो?"

मी चौकशी केली. आमच्याआधी त्या वाडीत दोन गट येऊन गेले होते. एकानं गुरांचं रक्त नेलं होतं. दुसऱ्यानं फ्लॅनेलचा पांढरा कपडा पाचोळ्यावरून ओढत गोचिडी गोळा केल्या होत्या. आम्ही तिसरे. तिघांचं काम माकडतापाशीच जोडलेलं, आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. दोष कुणा एकाचा नाही. पण त्या आजींच्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रोगी सापडले. आपल्या जिल्ह्यात तो २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे. विषाणू गोचिडीतून येतो. माणसाला चावतात त्या बहुतेक अगदी लहान, पूर्ण वाढ न झालेल्या गोचिडी. त्यांचा हंगाम थंडीतच सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आणि त्याच दिवसांत आपली माणसं जंगलात काय करत असतात? काजूची बोंडं वेचतात, भाजावळीसाठी, म्हणजे शेतजमीन भाजायला, पातेरा (वाळलेला पाला) गोळा करतात, तो कवेत धरून डोक्यावर घेऊन घरी आणतात. हे मी कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. शेतीच्या माणसांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.

गुरांचंही तसंच. गाईला माकडताप होत नाही. पण मोठ्या झालेल्या गोचिडी जंगलात चरणाऱ्या गुरांचंच रक्त पितात, त्यामुळे गुरं वाढली की गोचिडी वाढतात. म्हणजे गोठा कळला नाही तर ताप कळणार नाही.

पन्नाशीच्या दशकातल्या त्या शोधाची एक गोष्ट मला फार आवडते. १९५२ साली पुण्यात सुरू झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, तेव्हा प्राणी, पक्षी आणि कीटकांचे अभ्यासक सोबत घेतले. हा विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूशी जवळचा निघाला, म्हणून शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी गोचिडी वाहून आणत असतील का? त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या पुढाकारानं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, १९५९च्या सुमारास पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम सुरू केलं. पक्ष्यांच्या अभ्यासकाला तापाचं कारण शोधायला बोलवावं असं आज किती प्राध्यापकांना सुचेल?

आता अडतं कुठे ते सांगते, कारण त्यात मी स्वतः खूप वेळ घालवलाय. तीन वह्या एकत्र करायला आम्ही बसलो, तर वाड्याच जुळेनात. आमच्या वहीत आरोग्य उपकेंद्राचं नाव होतं, पशुवैद्यकांच्या वहीत महसुली गावाचं, आणि गोचिडीच्या वहीत जवळच्या देवळाचं. कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, एकीपासून दुसरी कधी दोन-तीन किलोमीटर लांब. एका वाडीत ताप आणि शेजारच्या वाडीत काहीच नाही, असं होतं. गावाचं नाव एकच लिहिलं की हा फरक पुसला जातो. दुसरं, आम्ही ताप सुरू झाल्याची तारीख लिहिली होती, बाकीच्या दोन गटांनी नमुना घेतल्याची. शेवटी आम्ही सगळ्या नोंदी वाडी, घर क्रमांक आणि पंधरवडा या तीन गोष्टींवर नव्यानं बांधल्या. हे संशोधनाचं सर्वात कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते सर्वात मोलाचं.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, उदाहरण तर तुमच्या प्रत्येकाच्या अंगणातलं आहे. लावणीच्या दिवसांत शेतकरी अनवाणी चिखलात उभा, टाचांना भेगा, बोटांत चिखल्या. उंदीर-घुशींचं आणि गुरांचं मूत बांधावरून त्याच पाण्यात येतं. आम्ही डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतो, त्या दिल्याच पाहिजेत. पण चिखलात कमी वेळ कसं राहावं लागेल, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं सांगू शकतात, आणि गोठ्याचं पाणी कुठे वळवावं हे पशुवैद्य.

मोठी प्रयोगशाळा नाही म्हणून थांबू नका. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून जे टिपलं, ते १९८०च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि प्रॅझोसिन या औषधाचा उपचार जगानं मानला. शिवाय विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेचं. खाट आणि प्रयोगशाळा जोडल्या गेल्या की रोगी वाचतो.

कागदी अडचणी खऱ्या आहेत. माणसांसाठी वेगळी नैतिकता समिती, जनावरांसाठी वेगळी. लेखात पहिलं नाव कुणाचं, यावरून मी चांगली मैत्री तुटताना पाहिलीय. म्हणून पहिला नमुना घ्यायच्या आधीच बसा आणि तीन प्रश्न लिहून मिटवा: नोंदींची मालकी कुणाची, लेख कोण लिहील, आणि गावात निकाल घेऊन कोण जाईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.

त्या आजींकडे आम्ही पुढच्या चैत्रात कागद घेऊन गेलो. मोठ्या अक्षरात, मराठीत, अर्ध्या पानाचा. त्यांना वाचता येत नव्हतं, नातवानं वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग विचारलं, "आणि गायीचो?" गायीचा कागद दुसऱ्या गटाकडे होता. मी त्यांच्या खळ्यातूनच फोन लावला.