बीबी का मकबरा : संगमरवर संपतो तिथं

इथं आत आलं की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘ताजमहाल’. सहलीला आलेली पोरं म्हणतात, मोबाइल उंच धरलेली जोडपी म्हणतात.

आपण आधी दरवाजा बघू. लाकडावर पितळी पत्रा, पत्र्यावर वेलबुट्टी आणि त्यातच दोन नावं. अताउल्ला, आराखडा करणारा. हंसपतराय, बांधकाम उभं करणारा. बादशाही कामावर कारागिरांची नावं! किती जण थांबून वाचतात, कोण जाणे.

१६५७. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली. सासू मुमताजही बाळंतपणातच गेलेली. दिलरसचा मकबरा मुलानं, आझमशहानं बांधला असं सांगतात. पण मकबरा पुरा झाला त्या १६६१ साली आझम होता जेमतेम आठ वर्षांचा. तेव्हा पैसा कुणाच्या खजिन्यातला, हे वेगळं सांगायला नको. आकडा मात्र जुन्या नोंदीत चोख आहे : ६ लाख ६८ हजार २०३ रुपये, ७ आणे.

कारंज्यांच्या कडेनं चालत चौथऱ्यावर या. चार भागांची बाग, चार मिनार, मधोमध घुमट. आराखडा अस्सल मुघल. आता भिंतीजवळ या. अजून जवळ. कमरेच्या जरा वर संगमरवर संपतो. तिथून घुमटाच्या बुडापर्यंत आत आपला काळा पाषाण, वर चुन्याचा घोटीव गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी.

या रेघेला लोक कंजुषी म्हणतात. असेलही. पण रेघेच्या वरची फुलं, पानं, जाळ्या बघा. दगडात छिन्नीला जे जड जातं, ते ओल्या चुन्यात बोटांना जमतं. आणि चुन्याचं नक्षीकाम ही दख्खनची जुनी कला, मुघल यायच्या आधीची. नक्कल म्हणून सोडून द्यावं असं हे काम नाही.

आत कबर आपल्या पायांखालच्या पातळीवर आहे. संगमरवरी जाळीतून वाकून खाली बघायचं. चादरीवर नाणी, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा. बेगमेला पैसे कशाला, असं मनात येतं, तोवर शेजारचं कुणीतरी खिसा चाचपत असतं.

तिचा नवरा इथून पंचवीस किलोमीटरवर, खुलताबादला, उघड्या मातीखाली आहे. त्याच्याभोवतीची संगमरवरी जाळीही नंतर, निजामाच्या काळात बसवलेली.

परत फिरताना एकदा मिनारांकडे बघा. पावसाळ्यात गिलाव्यावर काळे ओघळ उतरतात. घुमटाचा संगमरवर कुठून सुरू होतो, ते तेव्हा बागेच्या पार टोकावरूनही ओळखू येतं.