जिलबीचा रंग न्हाणीघरात

(गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका वाचनालयाच्या महिला विभागात, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मैत्रिणींनो, आणि मागच्या बाकावर वर्तमानपत्राआड बसलेले दोन काका,

आमंत्रण द्यायला आलेल्या वहिनी मला म्हणाल्या, "काहीतरी घरगुती घ्या हं, रसायनशास्त्र नको." म्हणून मी खायचा रंग घेतला. आता त्यातून रसायनशास्त्र डोकावलं तर माझा नाइलाज आहे.

प्रत्येकीच्या फडताळात मसाल्याच्या बरण्यांमागे ती एक बाटली असते. कधीतरी जिलबीसाठी, नाहीतर नातवाच्या केकसाठी आणलेली. आणि ती संपत नाही. तिचं न संपणं कायद्यातच लिहिलेलं आहे म्हणा ना. आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि ज्या पदार्थांत ते चालतात त्यांतल्या बहुतेकांत मर्यादा आहे किलोला 100 मिलिग्रॅम. म्हणजे निव्वळ रंग 10 ग्रॅम असेल तर तो 100 किलो मिठाईला पुरेल. बाजारातल्या पुडीत मीठ वगैरे मिसळलेलं असतं, तरीसुद्धा आपल्या दोन ताटं बर्फीला ती किती लागणार? उरलेल्याचं काय करायचं, हा आजचा विषय.

तुम्हाला वाटत असेल मी रांगोळी सांगणार. सांगते, एका वाक्यात. जाडं मीठ किंवा तांदूळ घ्या, चमचाभर व्हिनेगरमध्ये रंग कालवून त्यात चोळा, कागदावर पसरून वाळवा, झाली रंगीत रांगोळी. मुलांसाठी मैदा, मीठ, तेल आणि रंग मळून खेळायचा गोळा करा. मेणबत्तीत मात्र घालू नका. हा रंग पाण्यात विरघळणारा, मेणाशी त्याचं जमत नाही, तळाला ठिपके होऊन बसतो. झाली शोभा. मला बोलायचंय ते वेगळंच.

शाळेत तीस वर्षं मी मुलांकडून घोकून घेतलं, पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असतं. संसारात पडल्यावर कळलं की यातला पहिला गुण घरमालकाला फार महाग पडतो. पाणी कुठून निघालं आणि कुठे गेलं ते दिसतच नाही.

सगळ्यात सोपी गोष्ट फ्लशच्या टाकीची. आज घरी गेल्यावर टाकीचं झाकण काढा, गडद निळ्या किंवा लाल रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. घरात सगळ्यांना बजावून ठेवा, नाहीतर हमखास कोणीतरी जातं. अर्ध्या तासाने खाली कमोडमध्ये रंग दिसला, की टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाही असं समजा. ही गळती आवाज करत नाही, भिंतीला धरून ओघळते, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. मिनिटाला चहाचा एक लहान कप, म्हणजे 100 मिलिलिटर धरा. दिवसाची 1440 मिनिटं. झाले 144 लिटर. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावं असा निकष आहे. म्हणजे तुमच्या टाकीखाली एक अख्खा पाहुणा राहतोय, आणि तो जेवायला कधी येत नाही म्हणून तुम्हाला त्याचा पत्ता नाही!

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर आल्या. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती, पोपडे निघाले होते. मी ठामपणे सांगितलं, "आमच्याकडून नाही, इमारतीचा सामाईक पाइप असेल." अशा वेळी वरच्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस हेच सांगतो. त्या काही न बोलता गेल्या, आणि जिन्यात भेटल्यावर हसणं बंद झालं. म्हटलं, शास्त्राची बाई आहेस ना, मग कर प्रयोग.

नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतलं पाणी खाली जातं त्या जाळीखालच्या वाटेचं, तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने बंद केलं, जमिनीवर दीड इंच पाणी कोंडलं आणि त्यात रंग ओतला. पहिली चूक इथेच झाली. हाताशी केशरी होता, तो ओतला. आता ओलीचा डाग मुळातच पिवळट-तपकिरी असतो, त्यात केशरी उतरला तरी ओळखणार कसा? दुसऱ्या दिवशी पाणी काढून पुन्हा सगळं केलं, निळ्या रंगाने. दोन दिवस अंघोळीला बहिणीकडे. खाली काही नाही. मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, हे कबूल करते. मग बोळा काढला आणि ट्रॅपमध्येच हिरवा रंग पाण्याबरोबर सोडला, निव्वळ पूर्णता यावी म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी बेल वाजवली. "काकू, हिरवं आलंय." ट्रॅप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो, तो सांधा सुटला होता. फरशी ठणठणीत आणि दोष माझाच. प्लंबर म्हणाला, हे कळलं नसतं तर सगळी फरशी उखडावी लागली असती.

दोन सूचना. एक, कोंडलेल्या पाण्यात आणि नळीत वेगवेगळे रंग वापरा, म्हणजे वाट कळते. दुसरी जास्त महत्त्वाची. रंग दिसला तर तो पुरावा. पण दिसला नाही म्हणून वरचे निर्दोष ठरत नाहीत. कोब्यातून पाणी हळूहळू झिरपताना वाटेत रंग गाळला जाऊ शकतो. आणि फरशांच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट काही दिवस निळं राहतं, ते सोसायचं. संगमरवर असेल तर हा प्रयोग करूच नका.

वरचे-खालचे हे भांडण फक्त आपल्या सोसायट्यांत नाही बरं का. जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगेन गावाजवळ चुनखडीच्या खडकात जिरते. उन्हाळ्यात कधीकधी पात्र कोरडं पडतं. पाणी जातं कुठे? दक्षिणेला 12 किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे, त्याच्यावर अनेकांचा संशय होता. 1877 साली ऑक्टोबरात नदी जिरते तिथे 10 किलो फ्लुरोसीन, म्हणजे पाण्यात हिरवा चमकणारा रंग, ओतलं. साधारण 60 तासांनी झरा हिरवागार चमकायला लागला. म्हणजे डॅन्यूबचं पाणी काळ्या समुद्राकडे जायचं सोडून चक्क ऱ्हाइनला मिळत होतं. पुढे 1927 साली तिथली राज्यं यावरून न्यायालयात गेली. आमच्या जिन्यातलं प्रकरण त्या मानाने लवकर मिटलं.

अमेरिकेत शिकागोची नदी दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस हिरवी करतात, फोटो पाहिले असतील. ती कल्पना कोणा चित्रकाराची नव्हे, प्लंबरांची. नदीत चोरून सांडपाणी कोण सोडतं ते शोधायला ते रंग वापरत. त्यातून 1962 साली 100 पौंड रंग टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. अंदाज चुकणारी मी एकटीच नाही.

या फ्लुरोसीनचा एक भाऊ तुमच्या फडताळात असू शकतो. त्याच्या रेणूला आयोडिनचे चार अणू जोडले की होतो एरिथ्रोसीन, डबाबंद चेरीचा गुलाबी-लाल रंग. पुडीवर क्रमांक 127 असतो. दातांवरचा न दिसणारा थर दाखवायच्या गोळ्यांत हाच घालत आले आहेत. नातवाने ब्रश केल्यावर गोळी चघळायची, चूळ भरायची, आरशात बघायचं. जिथे गुलाबी, तिथे ब्रश पोचला नाही. तुम्ही शंभरदा सांगून जे होत नाही ते आरसा एकदा दाखवून करतो.

हात रंगतात, पण सुती रुमालाचा रंग दोन धुण्यांत जातो, हे पाहिलंय का? कातडी, लोकर, रेशीम ही प्रथिनं. आम्लात त्यांच्यावर धन भार येतो, रंगाच्या रेणूवर ऋण भार असतो, दोघांची गाठ पडते. पांढऱ्या लोकरीचा गुंडा सोडवून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात निळ्या रंगाबरोबर मंद आचेवर ठेवा. थोड्या वेळाने लोकर निळी होते आणि पातेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मिठाईतला कृत्रिम रंग असाच पांढऱ्या लोकरीवर उतरवून घेतात. सुताला हे जमत नाही, तेव्हा सुती साडी बुडवू नका.

एक मात्र कडक सांगते. हे सगळं करायला परवाना क्रमांक असलेली खायच्या रंगाचीच पुडी घ्या, सुटा रंग नको. 2024 साली तामिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण त्यात कापडाचा रंग, रोडामाइन बी, सापडला. आणि न्हाणीघरात नेलेली बाटली परत स्वयंपाकघरात आणायची नाही.

आता टेबलावरचा हा पेला. सुरुवातीला मी यात पांढऱ्या तेरड्याच्या दोन काड्या लाल पाण्यात ठेवल्या होत्या. गौरी येणार म्हणून अंगणात उगवलेलाच होता. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात. आपण त्याला उसना देतोय. पुढे या, गर्दी करू नका. खोड अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे आतल्या शिरा लाल झालेल्या दिसतात, बघा, इथवर आलंय, साधारण चार बोटं. फुलापर्यंत नाही पोचलं अजून. वाचनालय आठला बंद होतं. पेला इथेच खिडकीत ठेवते. काका, तुम्ही सकाळी पेपर वाचायला याल तेव्हा बघून मला फोन करा.