चार बोटं मोकळी हिरडी

(पहाट. तापीचा काठ, धुकं, घोड्यांच्या ओळी.)

मार्गशीर्षातली थंडी. नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा. एकमुखी दत्ताच्या यात्रेतला घोडेबाजार जागा होतोय. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा. गिऱ्हाईक येतं, घोडा चालवून बघतं, पाठीवर हात फिरवतं आणि मग ओठ वर करून दात बघतं. दातांवरून वय सांगणारी जाणती माणसं इथं पावलोपावली भेटतात.

पण लगाम घ्यायचा असेल, तर बोट आणखी थोडं आत न्यावं लागतं.

(घोड्याचं तोंड, अगदी जवळून.)

ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा हळूच आत सरकवा. दात लागत नाहीत. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्यामध्ये चारेक बोटं हिरडी मोकळी असते. नर घोड्याला या जागेत पुढच्या बाजूला सुळा असतो, घोडीला बहुधा नसतो. लगामाची लोखंडी कडी, म्हणजे बिट, बसते ती इथंच. हात लावून बघा: वर पातळ कातडी आणि लगेच खाली हाड. मध्ये मऊ, जाडजूड जीभ. स्वाराच्या हाताची प्रत्येक ओढ या एवढ्याशा जागेवर येते.

म्हणून आधी तोंड तपासायचं, मग बाजारात जायचं. वरच्या दाढेच्या पुढे कधी कधी एक बारीक दात असतो. बिट त्याच्यावर आपटलं की घोडा मान झटकतो आणि आपण म्हणतो, घोडा तापट आहे. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील, तर गालाला आतून जखमा होतात. पशुवैद्याकडून वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत, गरज असेल तर घासून घ्यावेत. निम्म्या तक्रारी इथंच मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

(सुतळीनं माप घेणारे हात.)

माप सोपं आहे. तोंडातून सुतळी आडवी घ्या, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी खूण करा. बिट त्याहून साधारण एक सेंटीमीटर रुंद हवं, म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा. अरुंद बिट ओठ चिमटतं, फार रुंद असलं तर तोंडात इकडेतिकडे सरकतं. जाडी बहुधा १४ ते १८ मिलिमीटर. बारीक बिट हिरडीत रुततं, हे खरं. पण जाड म्हणजे सौम्यच, असंही नाही. जीभ मांसल आणि टाळू खाली असलेल्या घोड्याला जाड बिट घातलं, तर बिचाऱ्याला तोंडही मिटता येत नाही.

आता सांधा. मधोमध एकच सांधा असलेलं साधं बिट सगळीकडे मिळतं. दोन्ही वाद्या, म्हणजे स्वाराच्या हातातले लगामाचे पट्टे, एकदम ओढल्या की ते अडकित्त्यासारखं मिटतं, जीभ दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि काही घोड्यांच्या टाळूला टोक लागतं. दोन सांध्यांचं, मध्ये छोटा गुळगुळीत तुकडा असलेलं बिट जिभेवर सपाट बसतं. शिकाऊ स्वार असेल किंवा घोडा कोवळा असेल, तर मी हेच सुचवेन.

लांब दांड्यांचं, हनुवटीखाली साखळी असलेलं बिट वेगळं. ती तरफ आहे. दांडीचा खालचा भाग वरच्याच्या तिप्पट लांब असेल, तर ओढही साधारण तिपटीनं वाढते. ज्याचा हात वाद्या न ओढता स्थिर राहतो, अशा मुरलेल्या स्वारानंच ते वापरावं.

(दुकान. टांगलेले लगाम. कॅमेरा एका लगामावर थांबतो.)

आणि हा काटेरी लगाम. कडीवर टोकदार काटे आहेत, बघा. ‘घोडा हातात राहील’ असं सांगून तो विकला जातो. आपल्या देशात १९६५ पासून नियम आहे: जनावर हाकायला किंवा त्यावर स्वारी करायला काटेरी लगाम वापरायचा नाही. साठेक वर्षं झाली. तरी जिभेवर जुने व्रण असलेले घोडे आजही दिसतात. असा घोडा थांबतो तो दुखतं म्हणून. आणि घाबरला की त्याच वेदनेपासून लांब पळायला बघतो. मग तो कुणालाच आवरत नाही.

लगाम चढवल्यावर घोड्याकडे पाहा. ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडली की उंची बरोबर. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. तोंड उघडं राहिलं, जीभ बिटाच्या वर आली, शेपटी सारखी फटकारली गेली, तर उतरा आणि पुन्हा बघा. तोंड घट्ट बांधून टाकलं, तर दुखणं तसंच राहतं, दिसायचं तेवढं बंद होतं.

(पुन्हा तापीचा काठ. ऊन चढू लागलंय.)

रात्रभर बाहेर राहिलेलं लोखंड बर्फासारखं गार झालंय. घोडे शिकवणारे एक म्हातारे चाबूकस्वार बिट दोन्ही तळव्यांत धरून चोळतायत. मधेच तोंडाची वाफ देतात, पुन्हा चोळतात. मग ते घोडीच्या ओठांशी नेतात आणि थांबतात. घोडी हुंगते. मान खाली करते. स्वतःहून तोंड उघडते.